पहिला प्राणिप्रयोग हाती घेण्यापूर्वी: एम.फार्म. आणि पीएच.डी.च्या नव्या विद्यार्थ्यांसाठी

औषधनिर्माणशास्त्राच्या महाविद्यालयांत प्रबंधाचे काम सुरू करताना बहुतेकांचा प्रयोगशाळेतील प्राण्यांशी पहिल्यांदाच संबंध येतो. विषय ठरलेला असतो, वनस्पतीचा अर्क तयार असतो, आणि एथिक्स कमिटीची (संस्थेच्या प्राणी नीतिमत्ता समितीची) मंजुरी म्हणजे वाटेतला जकातनाका, तो ओलांडला की खरे काम सुरू, असा समज एका तुकडीकडून दुसऱ्या तुकडीकडे आपोआप पोचलेला असतो. प्राणिगृहात स्वतः काम केल्यावर आणि नंतर नव्या विद्यार्थ्यांचे अर्ज वाचून देताना माझे मत याच्या नेमके उलट झाले आहे. कमिटीच्या अर्जातले जवळपास सगळे प्रश्न प्रयोगाच्या आराखड्याचेच असतात, आणि ज्या प्रयोगातून विश्वासार्ह निष्कर्ष निघूच शकत नाही त्यात वापरलेला प्रत्येक प्राणी वाया जातो, मग त्याला कितीही मायेने सांभाळलेले असो.

पुढील पायऱ्या भारतातील नियमांना धरून आहेत. उदाहरण म्हणून मी सर्वत्र एकच प्रयोग घेतला आहे: विस्टार रॅटमध्ये (प्रयोगशाळेतील पांढऱ्या रॅटचा एक वाण) स्ट्रेप्टोझोटोसिनने (स्वादुपिंडातील इन्शुलिन तयार करणाऱ्या पेशी नष्ट करणारे रसायन) मधुमेह निर्माण करून त्यावर वनस्पतीच्या अर्काचा परिणाम पाहणे. आपल्याकडच्या फार्मसी महाविद्यालयांत हा प्रयोग इतका नेहमीचा आहे की त्यातले खाचखळगेही सर्वांच्या ओळखीचे असायला हवेत. प्रत्यक्षात ते तसे नसतात.

१. प्राणी खरोखर लागतात का, हे आधी ठरवा

प्राणिक्लेश प्रतिबंधक कायदा १९६०चा आहे. प्राण्यांवरील प्रयोगांवर देखरेख करणारी केंद्रीय समिती याच कायद्याच्या कलम १५ खाली स्थापन झाली. कलम १७ मात्र विद्यार्थ्यांनी स्वतः वाचावे असे आहे. प्रयोग टाळता येत असेल तर टाळावा, मोठ्या प्राण्याऐवजी लहान प्राण्यावर भागत असेल तर लहान घ्यावा, आणि केवळ हात बसावा म्हणून शक्यतो प्रयोग करू नयेत, असे ते सांगते. म्हणजे तोंडावाटे नळीने औषध देण्याचा सराव जिवंत रॅटवर करणे हे प्रबंधाचे काम नव्हे. त्यासाठी रबरी किंवा सिलिकॉनची प्रतिकृती मिळते, आणि अन्य मंजूर प्रयोगांतून मेलेल्या प्राण्यांवरही हात बसवता येतो.

रसेल आणि बर्च यांनी १९५९ मध्ये मांडलेली तीन तत्त्वे (पर्याय शोधणे, संख्या कमी करणे, त्रास कमी करणे) तुम्ही पाठ केलेली असतील. भारतात त्यांना पुनर्वसनाचे चौथे तत्त्व जोडलेले आहे. अर्जात या तत्त्वांची व्याख्या लिहून भागत नाही, तुमच्या प्रयोगात ती कुठे लागू होतात ते लिहावे लागते. तुमच्या अर्काचा दावा अल्फा-ग्लुकोसिडेज या पिष्टाची साखर करणाऱ्या विकराला (एन्झाइमला) रोखण्यावर उभा असेल, तर ती तपासणी आधी परीक्षानळीत होऊ शकते, आणि तिथेच काही हाती लागले नाही तर रॅट मागवण्याचे कारण उरत नाही. पर्यायांचा शोध घेताना कोणत्या संग्रहात, कोणते शब्द टाकून, कोणत्या तारखेला शोधले याची नोंद ठेवा. ‘पर्याय उपलब्ध नाही’ एवढेच वाक्य लिहिलेला अर्ज अनुभवी सदस्याला लगेच ओळखू येतो.

२. समिती कशी असते आणि तिचे वेळापत्रक काय, हे सिनॉप्सिस (प्रबंधाचा प्रारंभिक आराखडा) लिहितानाच विचारा

केंद्रीय समितीचे सध्याचे संक्षिप्त नाव सीसीएसईए असे आहे. जुन्या प्रबंधांत ते सीपीसीएसईए असे आढळते आणि तिथून उतरवून घेणारे विद्यार्थी आजही जुनेच नाव लिहितात. तुमच्या महाविद्यालयाचे प्राणिगृह तिच्याकडे नोंदलेले असले पाहिजे. नोंदणीची मुदत संपली आहे का, हे विचारायला संकोच करू नका, कारण ती संपली असेल तर तुमचे वेळापत्रक तुमच्या हातात राहत नाही.

संस्थेच्या प्राणी नीतिमत्ता समितीत आठ जण असतात: एक जीवशास्त्रज्ञ, वेगवेगळ्या जीवशास्त्रीय शाखांचे दोन शास्त्रज्ञ, प्राण्यांची काळजी घेणारा पशुवैद्य, प्राणिगृहाची जबाबदारी असलेला शास्त्रज्ञ, संस्थेबाहेरील एक शास्त्रज्ञ, विज्ञानक्षेत्राबाहेरील एक समाजाभिमुख व्यक्ती आणि केंद्रीय समितीचा प्रतिनिधी. रॅट, माइस, ससे, गिनीपिग यांसारख्या लहान प्राण्यांवरील प्रयोगांना ही समिती मंजुरी देऊ शकते. कुत्रे, माकडे यांसारख्या मोठ्या प्राण्यांचे प्रस्ताव तिच्या शिफारशीनंतर केंद्राकडे जातात. बाहेरच्या सदस्यांच्या तारखा जुळवून बैठक भरवावी लागत असल्याने लहान महाविद्यालयांत ती वर्षातून मोजक्या वेळाच होते. एक बैठक हुकली तर एम.फार्म.च्या विद्यार्थ्याचे जवळपास एक सत्र हातचे जाते, आणि मग मंजुरीआधीच ‘पायलट’ उरकून घेण्याचा मोह होतो. तो कोणत्याही परिस्थितीत टाळा. पायलट हाही प्रयोगच आहे आणि त्यालाही मंजुरी लागते.

३. कागदपत्रे जमवा

बैठकीच्या आधी हातात असायला हवे ते असे:

– फॉर्म बी (समितीकडे करायचा मंजुरीचा अर्ज), पूर्ण भरलेला, मार्गदर्शकांच्या व तुमच्या सह्यांसह
– प्राण्यांची जात, वाण, लिंग, वय, वजन आणि पुरवठादाराचे नाव (पुरवठादार केंद्रीय समितीकडे नोंदलेलाच हवा)
– प्राण्यांच्या संख्येचे गणित, गृहीतकांसह
– गटवार तक्ता: कोणाला काय, किती, कोणत्या मार्गाने, किती दिवस
– पर्यायांच्या शोधाची नोंद
– वनस्पतीचे ओळख-प्रमाणपत्र, शुद्ध रसायन असेल तर त्याचे विश्लेषण-प्रमाणपत्र
– भूल, वेदनाशमन आणि प्रयोगान्ती प्राण्यांचे काय करणार याचा तपशील
– प्राणी हाताळण्याचे प्रशिक्षण झाल्याचा पुरावा

भुलीसाठी केटामाईन लिहिणार असाल तर ते अनुसूची एक्समध्ये (कडक नियंत्रणाखालील औषधांच्या यादीत) येते हे लक्षात घ्या. ते विद्यार्थ्याने दुकानातून आणायचे औषध नव्हे. संस्थेमार्फत रीतसर खरेदी आणि नोंदवही लागते, आणि त्याला वेळ लागतो.

४. ‘प्रत्येक गटात सहा’ कुठून आले, हे विचारा

नव्या विद्यार्थ्याला सर्वांत सोपी वाटणारी आणि प्रत्यक्षात सर्वांत जास्त घोळ करणारी पायरी हीच. मागच्या प्रबंधात प्रत्येक गटात सहा रॅट होते, त्याच्या मागच्याही प्रबंधात सहाच होते, म्हणून तुमच्याही प्रबंधात सहा. समितीने ‘सहाच का?’ असे विचारले की ‘सर, लिटरेचरमध्ये सहा आहेत’ हे उत्तर येते. हे समर्थन नव्हे.

योग्य मार्ग असा. मुख्य मोजमाप एकच ठरवा, समजा अठ्ठावीसाव्या दिवशीची उपाशीपोटी रक्तशर्करा. किती फरक पडला तर तो वैद्यकीयदृष्ट्या अर्थपूर्ण मानाल तेही ठरवा, समजा ४० मिलिग्रॅम प्रति डेसिलिटर. मग तुमच्याच प्रयोगशाळेतील जुन्या आकड्यांवरून त्या मोजमापाचे प्रमाण विचलन (आकडे सरासरीभोवती किती विखुरले आहेत त्याचे माप) काढा. ते ३० असेल, तर दोन गटांच्या तुलनेसाठी, ५ टक्के सार्थकता पातळी (नसलेला फरक आहे असे वाटण्याची शक्यता) आणि ८० टक्के सामर्थ्य (असलेला फरक सापडण्याची शक्यता) धरून, प्रत्येक गटात १० प्राणी लागतात. तेच विचलन २० वर आणता आले तर ६ पुरतात. जी-पॉवर या मोफत संगणकप्रणालीत हे गणित काही मिनिटांत होते.

विचलन ३० वरून २० वर आले तर दोन गटांत मिळून आठ रॅट वाचतात, आणि ते येते साध्या गोष्टींनी: उपाशी ठेवण्याचा कालावधी सगळ्यांसाठी सारखा ठेवणे, रक्त रोज त्याच वेळी घेणे, ग्लुकोमीटर व पट्ट्यांची बॅच न बदलणे, वजनाची मर्यादा अरुंद ठेवणे, प्राण्यांना हाताची सवय लावणे. प्राण्यांची संख्या कमी करण्याचे तत्त्व प्रत्यक्षात येते ते अशा कामांतून. उलट, गणितात १० आले असताना कमिटीला बरे वाटावे म्हणून ६ लिहिणे हे नीतिमत्तेच्या नावाखाली केलेले नुकसान आहे, कारण त्यातून काहीच सिद्ध होणार नाही आणि सगळेच प्राणी फुकट जातील.

जुने आकडे अजिबात नसतील तर ‘रिसोर्स इक्वेशन’ नावाची आडवाट आहे: एकूण प्राण्यांतून गटांची संख्या वजा केल्यावर उत्तर १० ते २० च्या दरम्यान असावे. चार गटांत सहा-सहा घेतले तर २४ वजा ४ म्हणजे २० येतात. पाच गटांत सहा-सहा घेतले की २५ होतात, म्हणजे या नियमाने तिथे पाच-पाचच पुरेत. ही आडवाट आहे आणि तिचा वापर तेवढ्यापुरताच करावा.

आणखी दोन सापळे इथेच सांगतो. स्ट्रेप्टोझोटोसिन दिलेल्या प्रत्येक रॅटला मधुमेह होत नाही आणि काही रॅट मरतातही. म्हणून मागणीत तेवढी वाढीव संख्या कारणासह लिहावी, आणि किती शर्करेखालच्या प्राण्याला प्रयोगातून वगळणार, समजा २५० च्या खाली, हे आधीच नमूद करावे. आकडे पाहून मग वगळायचे ठरवले तर त्याला निवडक वगळणे म्हणतात. दुसरा सापळा प्रयोगाच्या एककाचा आहे. अर्क पिण्याच्या पाण्यातून दिला आणि एका केजमध्ये तीन रॅट असले, तर तुमचे एकक केज आहे, रॅट नव्हे. अशा सहा रॅटची संख्या आकडेमोडीत दोनच धरली जाते.

५. गट पाडताना स्वतःच्या हातावर विश्वास ठेवू नका

केजमध्ये हात घालून जो रॅट आधी हाताला लागेल तो पहिल्या गटात टाकणे म्हणजे यादृच्छिक निवड नव्हे. आधी हाती लागतो तो बहुधा सुस्त किंवा आजारी प्राणी असतो. सर्वांना मधुमेहाचे इंजेक्शन देऊन, तिसऱ्या दिवशी शर्करा तपासून, पात्र प्राण्यांची शर्करा व वजनानुसार क्रमवारी लावावी, क्रमाने लागून येणाऱ्या प्राण्यांचे छोटे संच करावेत आणि प्रत्येक संचात एक्सेलच्या यादृच्छिक आकड्यांनी गट वाटावेत. केजच्या जागाही अशाच वाटाव्यात, कारण वरच्या फळीवर उजेड जास्त असतो आणि खालच्या फळीवर कमी. कंट्रोल गटाचे रक्त सकाळी नऊला आणि शेवटच्या गटाचे दुपारी एकला घेतले, तर तुम्ही अर्काचा नव्हे, घड्याळाचा परिणाम मोजता.

मोजणाऱ्याला गट माहीत नसणे तितकेच आवश्यक आहे. त्यासाठी फार खर्च लागत नाही. सहकाऱ्याने बाटल्यांवर अ, ब, क, ड अशी चिठ्ठी लावावी, किल्ली (कोणते अक्षर म्हणजे कोणता गट याची यादी) बंद पाकिटात मार्गदर्शकांकडे द्यावी आणि आकडेमोड संपल्यावरच ते उघडावे. अर्काचा हिरवट रंग लपत नाही, ही अडचण खरी आहे. अशा वेळी डोस देणारा आणि मोजमाप करणारा असे दोन वेगळे जण ठेवा. स्वादुपिंडाच्या काचपट्ट्या पाहणाऱ्या पॅथॉलॉजिस्टला तर गट कळण्याचे काहीच कारण नाही.

हा आग्रह कशासाठी, याचे एक उदाहरण सर्वांनी लक्षात ठेवावे असे आहे. एएलएस या मज्जातंतूंच्या आजारासाठी अमेरिकेत वापरल्या जाणाऱ्या एसओडी१ (या जनुकात बदल केलेल्या) जातीच्या माइसवर अनेक औषधे गुणकारी ठरल्याचे शोधनिबंध प्रसिद्ध झाले होते. केंब्रिज, मॅसॅच्युसेट्स येथील एका संस्थेने सत्तरहून अधिक औषधे पुन्हा तपासली. २००८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या निष्कर्षांत एकाही औषधाने आयुर्मान वाढलेले दिसले नाही. लिंग, एकाच वेतातील पिल्ले, आजाराशी संबंध नसलेले मृत्यू यांचा विचार न करता थोड्या प्राण्यांवर प्रयोग केले की निव्वळ योगायोगही औषधाच्या गुणासारखा दिसतो, हे त्यांनी दाखवून दिले. त्यांतली मिनोसायक्लिनसारखी औषधे तोवर रुग्णांपर्यंत पोचलेली होती.

६. प्राणी आल्यापासूनचे दिवस

प्रवासातून आलेल्या रॅटवर दुसऱ्या दिवशी प्रयोग सुरू करू नका. किमान आठवडाभर त्यांना नव्या जागेत रुळू द्या. उजेड-अंधाराचे चक्र बारा-बारा तासांचे असावे आणि रात्री कोणी ‘जरा बघायला’ म्हणून दिवा लावू नये. तापमान व आर्द्रता रोज दोनदा नोंदवा. कोकणातला जुलै आणि विदर्भातला मे या दोन्हींत प्राणिगृहाची वातानुकूलन यंत्रणा आणि जनरेटर यांची खरी परीक्षा होते, त्यामुळे वीज गेल्यावर काय होते हे आधी विचारून ठेवा.

हाताळणीचा परिणाम वाटतो त्याहून मोठा असतो. माइसला शेपटीने उचलण्याऐवजी नळीतून किंवा ओंजळीतून उचलले तर त्यांची भीती कमी होते, हे २०१० मध्ये ब्रिटनमधील अभ्यासाने दाखवले. २०१४ मध्ये कॅनडातील संशोधकांना आढळले की प्रयोग करणारा पुरुष असेल तर त्याच्या गंधानेच माइस व रॅट यांच्यात तणाव वाढतो आणि वेदनेचा प्रतिसाद दबतो. म्हणून प्रयोगाच्या मध्यावर माणूस बदलू नका, आणि बदलावाच लागला तर तारखेसह लिहून ठेवा. १९९९ मध्ये पोर्टलंड, ऑल्बनी आणि एडमंटन येथील तीन प्रयोगशाळांनी त्याच वाणांचे माइस, तीच उपकरणे आणि तेच वेळापत्रक वापरूनही काही वर्तनचाचण्यांचे निकाल वेगवेगळे आले होते. तुमच्या नोंदी जितक्या बारीक, तितके दुसऱ्याला तुमचे काम पुन्हा करून पाहणे शक्य.

आपल्या उदाहरणातील काही खास बाबी: स्ट्रेप्टोझोटोसिन थंड सायट्रेट बफरमध्ये, पीएच ४.५ ला, वापरण्याच्या लगेच आधी विरघळवावे, कारण ते टिकत नाही. इंजेक्शननंतरच्या पहिल्या रात्री स्वादुपिंडातून एकदम इन्शुलिन सुटून शर्करा घसरते, म्हणून पाण्यात ग्लुकोज द्यावे. अनेक ‘अनाकलनीय’ मृत्यूंचे कारण इथे असते. मधुमेही रॅट अतोनात लघवी करतात, त्यामुळे बेडिंग रोज बदलावे लागते आणि एका केजमध्ये नेहमीपेक्षा कमी प्राणी ठेवावे लागतात. ओल्या भुशात बसलेल्या प्राण्याच्या पायाला जखमा झाल्या की तो त्रास अर्काच्या खाती जमा होतो.

७. कुठे थांबायचे हे सुरुवातीलाच लिहा

मूळ वजनाच्या २० टक्के घट, हालचाल बंद होणे, केस विस्कटून पाठ वाकवून बसणे, खाणेपिणे सोडणे, अशी लक्षणे गुणांसह तक्त्यात मांडा आणि किती गुणांवर प्राण्याला वेदनारहित मृत्यू देणार ते ठरवा. प्रयोग अर्धवट राहील म्हणून मरणाची वाट पाहू नये. मेलेल्या प्राण्याच्या रक्ताचा व ऊतींचा तसाही उपयोग होत नाही.

रक्त किती घ्यावे यालाही मर्यादा आहे. रॅटमध्ये एकूण रक्त साधारण ६४ मिलिलिटर प्रति किलो असते, म्हणजे २५० ग्रॅमच्या प्राण्यात सुमारे १६ मिलिलिटर. एका वेळी त्याच्या १० टक्क्यांपेक्षा आणि २८ दिवसांत १५ टक्क्यांपेक्षा जास्त घेऊ नये. डोळ्यामागील शिरांतून रक्त काढायचे असेल तर भूल द्यावीच. शेपटीच्या टोकाच्या एका थेंबावर भागत असेल तर तिकडे जाऊच नये. शेवटी कार्बन डायऑक्साइड वापरणार असाल तर तो आधी भरलेल्या पेटीत प्राण्याला टाकू नका. पेटीच्या आकारमानाच्या ३० ते ७० टक्के प्रति मिनिट या वेगाने वायू हळूहळू सोडावा आणि मृत्यूची खात्री करूनच पेटी उघडावी. ईथरची बाटली अजून कुठल्या कपाटात दिसली तर ती प्राण्यांसाठी वापरू नका. प्राण्यांचे अवशेष २०१६ च्या जैववैद्यकीय कचरा नियमांनुसार पिवळ्या पिशवीत जातात.

८. नोंदवही आणि बदल

प्राणी किती आले, कुठून आले, कोणत्या प्रयोगात गेले, किती मेले, हे ठरलेल्या नमुन्यातील नोंदवह्यांत त्याच दिवशी लिहा. आठवड्याच्या शेवटी आठवून भरलेली वही एकाच पेनाने, एकाच हाताच्या सलग अक्षरात असते आणि तपासणीस आलेल्याला ते लगेच दिसते. मेलेल्या प्राण्याचे शवविच्छेदन पशुवैद्याकडून करून घ्या व कारण नोंदवा. डोस बदलायचा, नर-मादी बदलायचे किंवा दोन रॅट वाढवायचे, तर आधी समितीकडे दुरुस्तीचा अर्ज करा. मंजुरी मिळालेला प्रस्ताव आणि झालेला प्रयोग यांत तफावत असेल, तर शोधनिबंधाच्या वेळी मंजुरी क्रमांक लिहूनही उपयोग होत नाही.

९. लिहिताना

प्राणिप्रयोगांचे अहवाल कसे लिहावेत हे सांगणारी ॲराइव्ह ही मार्गदर्शक तत्त्वे २०१० मध्ये ब्रिटनमध्ये तयार झाली आणि २०२० मध्ये त्यांची सुधारित आवृत्ती आली. तिच्यातील ‘अत्यावश्यक दहा’ बाबी प्रबंध लिहिताना नव्हे, तर फॉर्म बी भरतानाच समोर ठेवा, कारण यादृच्छिक वाटणी केलीच नसेल तर ती नंतर लिहून आणता येत नाही. किती प्राण्यांनी सुरुवात झाली, किती वगळले, का वगळले आणि प्रत्येक आकृतीत किती प्राणी आहेत, हे स्पष्ट लिहा. आलेखावर प्रमाण विचलनाऐवजी प्रमाण त्रुटी (सरासरीतली अनिश्चितता, ती विचलनाहून लहानच असते) दाखवली की रेघा आखूड दिसतात आणि निकाल देखणा वाटतो. हे दुकानदारीचे काम आहे, त्यापेक्षा प्रत्येक प्राण्याचा ठिपका दाखवा. फक्त नरच का घेतले याचे कारण द्या. ‘मादींच्या ऋतुचक्रामुळे आकडे फार विखुरतात’ हे नेहमीचे उत्तर तपासून पाहिल्यावर टिकलेले नाही: २०१४ मध्ये माइसवरील शेकडो लेखांच्या एकत्रित अभ्यासात माद्यांचे आकडे नरांपेक्षा जास्त विखुरलेले आढळले नाहीत.

अर्काचा परिणाम दिसला नाही तरी प्रबंध पूर्ण होतो आणि पदवीही मिळते. मूळ आकड्यांची फाइल, यादृच्छिक वाटणीचा तक्ता आणि उघडलेले किल्लीचे पाकीट या तीन गोष्टी मार्गदर्शकांकडे व विभागाच्या संगणकावर ठेवून मगच वसतिगृह सोडा, म्हणजे पुढच्या तुकडीतल्या विद्यार्थ्याला संख्येचे गणित मांडताना विचलनाचा आकडा तुमच्याकडून मिळेल.